पाठीशी दोर

दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मराठी माणसाच्या परिचयाचा आहे तो तेथील जुन्या महाराष्ट्र सदनामुळे. मंडी हाउसच्या चौकातून निघालेला हा रस्ता इंडिया गेटच्या वर्तुळाला मिळतो आणि तेथून जवळच ध्यानचंदांच्या नावाचे राष्ट्रीय क्रीडागार लागते. २७ जानेवारी १९८० रोजी या क्रीडागारात महंमद अली आपल्या सैन्यातील कौर सिंग या मुष्टियोद्ध्यासमोर उभा राहिला. सामना प्रदर्शनाचा होता, अवघ्या चार फेऱ्यांचा. मी तेव्हा पाळण्यातही नव्हतो. परंतु कचेरीतून परतताना त्या बाजूने गेलो की एका विचित्र विद्येची आठवण होते. अलीच्या कीर्तीत तिचा मोठा वाटा होता. ती विद्या म्हणजे दोरांना पाठ टेकून लढण्याची.

सिंहगडावर १६७० साली तानाजी पडल्यावर सूर्याजीने दोर कापले, ही कथा आपण बाळपणापासून ऐकत आलो आहोत. परतीची वाट तुटली म्हणून मावळे फिरून लढले. मुष्टियुद्धाच्या रिंगणातील दोर कोणी कापीत नाही, तरी पाठ त्यांना टेकली की मागे सरण्याची वाट तितकीच बंद होते. म्हणून नवशिक्याला प्रथम शिकवितात ते हेच की, दोरांपासून दूर राहा. ते योग्यच आहे. तेथे कित्येकदा दोर मागून झोका देऊन माणसाला नेमका पुढच्या ठोशावर नेऊन आदळतात. आणि केवळ दोरांच्या आधाराने तो उभा आहे असे पंचाला वाटले, तर तो पडला असे धरून आकडे मोजण्यास आरंभ होतो.

असे असताना काही योद्धे आपण होऊन तेथे जातात ते का? क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना आपण हात मागे ओढतो. चेंडूचा वेग थोड्या अधिक काळात जिरतो आणि तळहाताला कमी लागते. दोर ताणून मागे गेले की ठोशाचेही तसेच होते. शिवाय कंबरेपासून वर मागे रेललेल्या माणसाचे डोके हाताच्या टप्प्याबाहेर जाते. मारणाऱ्याला पुढे झुकावे लागते आणि झुकलेला माणूस तोल हरवून बसतो. कोपर बरगड्यांशी, मुठी गालांशी आणि डोळे सताड उघडे ठेवून खालचा माणूस त्या क्षणाची वाट पाहत असतो. सारे मर्म त्या उघड्या डोळ्यांत आहे. डोळे मिटून मार सोसणे ही निराळी गोष्ट झाली. तिला विद्या म्हणत नाहीत.

आर्ची मूर हा या विद्येतला जुना जाणता. दोन्ही हात तोंडापुढे आडवे धरून त्यांच्या आडून तो ठोसे चुकवी. अर्जेंटिनाचा निकोलिनो लोचे दोरांशी उभा राहून नुसत्या मानेच्या हालचालीने प्रतिस्पर्ध्याला हवेत हात मारायला लावी. १९६८ साली टोकियोत पॉल फूजीला दमवून त्याने जगज्जेतेपद मिळविले.

परंतु जगाला ही विद्या कळली ती ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, किन्शासा येथे. जॉर्ज फोरमन पंचवीस वर्षांचा, चाळीसपैकी एकही सामना न हरलेला. अली बत्तिसाचा. अमेरिकेतील प्रेक्षकांच्या सोयीसाठी सामना पहाटे चारच्या सुमारास सुरू झाला. हवा दमट आणि दोर सैल. दुसऱ्या फेरीपासून अली दोरांना रेलला. त्याचा स्वतःचा गुरू अँजेलो डंडी तेथून बाहेर ये म्हणून ओरडत होता. फोरमन दंडांवर, कोपरांवर, बरगड्यांवर मारीत राहिला आणि मारता मारता थकला. आठव्या फेरीच्या अखेरीस अली दोरांवरून सुटला आणि फोरमन आडवा झाला. गंमत अशी की, त्या रात्री फोरमनच्या बाजूला बसलेल्यांत स्वतः आर्ची मूर होता!

आपल्याकडे ही विद्या रुजली नाही, याचे कारण मला घड्याळात दिसते. किन्शासाचा सामना पंधरा फेऱ्यांचा ठरला होता. प्रतिस्पर्ध्याला थकविण्यास अवधी होता. कौर सिंगने १९८२ साली दिल्लीच्याच आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले ते तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांच्या खेळात. तेथे दोरांशी उभे राहून वाट पाहणाऱ्याचे गुण तेवढे जातात. (फाइल दाबून समोरच्याला थकविण्याची आमच्या खात्यातली कला याच वर्गातली, तिला मात्र फेऱ्यांचे बंधन नाही.)

शिवाय या आधाराचे भाडे भरावे लागते, ही गोष्ट किन्शासाच्या जयघोषात विसरली गेली. अंगाला सवय व्हावी म्हणून अली सरावातही सोबत्यांचे ठोसे अंगावर घेई. पुढल्याच वर्षी मनिला येथे फ्रेझरने त्याच दोरांवर त्याच्या बरगड्या शेकून काढल्या. अली जिंकला, पण मोडून गेला. १९८४ साली त्याच्या कंपवाताचे निदान झाले. त्याचा सारा दोष दोरांना देता येणार नाही. परंतु अडविलेला ठोसा हाही ठोसाच असतो.

फोरमनने मात्र हरून काही घेतले. ५ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, तो लास व्हेगासला पुन्हा जगज्जेतेपदासाठी उतरला. किन्शासाची तीच चड्डी अंगात आणि या वेळी पाठीमागे गुरू म्हणून अँजेलो डंडी. नऊ फेऱ्या तो तरुण मायकेल मूररचा मार खात राहिला, गुणांत मागे पडला आणि दहाव्या फेरीत त्याचा उजवा हात एकदाच नेमका लागला.