‘गाठ सुटली’ : गोल बेलरच्या बिघाडांची भाषा

यंत्राच्या बिघाडाला जे नाव पडते, त्या नावाच्या मागोमाग दुरुस्ती करणाराचा हात जातो. बुलढाणा जिल्ह्यात हार्वेस्टरने कापणी झालेल्या रानातील सोयाबीनचे कुटार व गव्हाचे काड गोळा करण्यास ट्रॅक्टरमागे जोडावयाचे लहान गोल बेलर वापरात आले आहेत. असे यंत्र जुने झाले की बांधलेला गठ्ठा शेतातच उलगडू लागतो, आणि चालक म्हणतो, “गाठ सुटली.” प्रस्तुत लेखाचा विषय हे दोन शब्दांचे वाक्य आहे. त्याचा अन्वय लावू गेल्यास असे आढळते की, या यंत्रात सुटावी अशी गाठच नसते.

‘गाठ’ हा शब्द संस्कृत ‘ग्रन्थि’, प्राकृत ‘गंठि’ या वाटेने मराठीत आला. दोरीला दिलेला फास हा त्याचा मूळ अर्थ. बांधण्याच्या क्रियेचे नाव पुढे लक्षणेने बांधलेल्या वस्तूसही लागले. ‘गाठोडे’ हा शब्द याच कुळातील. वऱ्हाडात हा दुसरा अर्थ दृढ झाला तो कापसाच्या व्यापारामुळे. जलंब ते खामगाव हा लोहमार्ग १८७० मध्ये सुरू झाला तो मुख्यतः कापूस वाहून नेण्यासाठीच, आणि रुईच्या ‘गाठी’ हा प्रयोग तेथील व्यवहारात नित्याचा आहे. गंमत अशी की, ती रुईची गाठही पूर्वी लोखंडी पट्ट्यांनी आवळली जाई. दोरीची गाठ तिच्यातही नव्हती. इंग्रजीतील ‘बेल’ हा शब्द फ्रेंचमधून आलेला असून चेंडूवाचक ‘बॉल’चा तो बहुधा सगोत्र आहे. तेथे नावात गोलपणा राहिला, आपल्याकडे बंधन राहिले.

हा केवळ व्युत्पत्तीचा विनोद नव्हे. चौकोनी गठ्ठे करणाऱ्या यंत्रात खरोखरच गाठ मारणारी चोच असते. अमेरिकेत जॉन ॲपलबी याने १८७८ च्या सुमारास पेंढ्या बांधण्यासाठी जी युक्ती सिद्ध केली, तिचीच ती वंशज. गोल बेलरची जात निराळी. १९४७ मध्ये ॲलिस-चामर्स कंपनीने बाजारात आणलेल्या गोल यंत्रापासून आजच्या लहान यंत्रापर्यंत तत्त्व एकच राहिले आहे : गठ्ठा पोटात फिरत असता सुतळी त्याच्याभोवती एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गुंडाळली जाते आणि पाते ती कापते. मोकळे टोक केवळ घर्षणाने व ताणाने धरून राहते. म्हणून ‘गाठ सुटली’ असे ऐकून जो कारागीर गाठ मारणारा भाग शोधू लागतो, तो नसलेल्या अवयवावर उपचार करू पाहतो. परतीच्या पावसाचे ढग दिसत असता आणि हरभऱ्याच्या पेरणीसाठी रान मोकळे व्हावयाचे असता अशी एक सकाळ वाया जाणे शेतकऱ्यास परवडत नाही.

मग वस्तुतः काय बिघडलेले असते? प्रथम पाते पाहावे. बोथट पाते सुतळी कापीत नाही, ओढून तोडते. तुटलेले टोक पिंजते आणि शेवटचे वेढे सैल पडतात. त्यानंतर ज्या कड्यांतून सुतळी जाते त्या पाहाव्यात. जुन्या यंत्रात सुतळीच्याच घासण्याने त्यांना खाचा पडतात, आणि त्या खाचेची धार सुतळीस वाटेतच खाते. ताण फार असल्यास सुतळीचे टोक पोटात खेचलेच जात नाही, फार कमी असल्यास वेढे आवळत नाहीत. टोक पकडले जाण्यास आत काड शिरत असावे लागते. गठ्ठा भरला असे वाटताच चालकाने पुढे जाणे फार लवकर थांबविले तर सुतळी नुसती लोंबत राहते. यंत्रात एकच खरी गाठ असते, ती माणसाने बांधलेली : सुतळीचा एक गुंडा दुसऱ्यास जोडताना मारलेली. ती जाड झाली तर कडीत अडकते. म्हणजे गाठ ‘सुटणे’ हा येथील दोष नसून गाठ ‘असणे’ हा दोष ठरतो!

तथापि माझ्या मते बहुतेक वेळा मूळ सुतळीच्याही मागे असते. काडाची ओळ यंत्राच्या दात्यांच्या रुंदीपेक्षा अरुंद असेल आणि चालक ती एकाच बाजूने घेत राहील, तर गठ्ठा एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास निमुळता होतो. निमुळत्या टोकावरून वेढे घसरतात. अशा वेळी ओळ काही अंतर डाव्या बाजूस, मग तितकेच उजव्या बाजूस घ्यावी आणि बाजू चटकन बदलावी. सतत नागमोडी हाकल्यास मध्यभागच फुगतो. येथे बिघाड यंत्राचा नसून हाकण्याचा आहे, परंतु वाक्यात कर्ता ‘गाठ’ असल्याने चालक दोषमुक्त राहतो. व्याकरणाची ही सोय सर्वांस प्रिय असते.

सोयाबीनच्या कुटाराची एक स्वतंत्र अडचण आहे. ते आखूड, गुळगुळीत व ठिसूळ असते. कडक उन्हात त्याचा चुरा होऊन खाली गळतो आणि गठ्ठ्यास आरंभच होत नाही. तेव्हा यंत्राचे फिरणे थोडे कमी करून ओळ जाड घ्यावी, किंवा सकाळचा किंचित दमटपणा असता काम करावे. मात्र काडातच २० टक्क्यांहून अधिक ओलावा असेल तर गठ्ठा आतून तापतो व बुरसतो.

शेवटी एका शब्दाविषयी, कारण त्याची किंमत हाताने मोजावी लागते. ‘यंत्र बंद आहे’ असे म्हणताना पुष्कळदा इतकेच अभिप्रेत असते की, ट्रॅक्टर उभा आहे. परंतु ट्रॅक्टर उभा असतानाही त्याचा मागील दंड, ज्याला सर्वत्र पी.टी.ओ. म्हणतात, मिनिटास ५४० फेऱ्यांच्या वेगाने फिरत असू शकतो, आणि सुतळी गुंडाळताना तो फिरत ठेवावाच लागतो. अडकलेले काड ओढण्यास वाकणाऱ्या माणसाला ‘उभा’ आणि ‘बंद’ यांतील भेद ठाऊक असला पाहिजे. पी.टी.ओ. सोडविलेला, इंजिन थांबविलेले, किल्ली खिशात : इतके झाल्यावरच ‘बंद’ म्हणावे, आणि मागचे झाकण उचलून आत शिरावयाचे असल्यास त्याची अडणी लावल्यावाचून शिरू नये.