ध्वनिमुद्रणे आणि आवृत्ति-नियंत्रण

जात्यावरच्या ओव्यांच्या संकलनात शब्द आणि ध्वनी या दोहोंचे जतन करावयाचे असते. गी प्वातवाँ व हेमा राईरकर यांनी पुण्यात उभारलेल्या संग्रहात एक लाखाहून अधिक ओव्या लिपिबद्ध झाल्या; बर्नार्ड बेल यांच्या सहकार्याने १९९० नंतरच्या दशकात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले.

भोर तालुक्यातील सारोळे येथील एखाद्या वृद्धेची ओवी उतरवून घेतली आहे, असे समजू. लेखनिकाने ‘पानी’ लिहिले. पुढे संपादकाने त्याचे ‘पाणी’ केले. गिट (२००५) ही प्रणाली जुनी व नवी ओळ शेजारी मांडते, बदल कोणाच्या नावाने व केव्हा नोंदला गेला हेही सांगते. प्रमाणीकरणाच्या हौसेपायी बोलीतील किती रूपे लुप्त झाली, हे अशा नोंदींवरून तपासता येते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा लाभ लहान नव्हे.

परंतु ‘न’ की ‘ण’ याचा अखेरचा निवाडा ध्वनीच करणार, आणि ध्वनीची फाइल ही बायनरी फाइल होय. तिच्यात ओळी नसतात. खरखर काढण्यासाठी मुद्रण थोडे ‘स्वच्छ’ केले, तरी आतील बहुतेक सर्व अंक बदलतात. फाइल निराळी झाली, एवढेच प्रणाली सांगू शकते. दोघांनी एकाच वेळी केलेले संस्कार तिला एकत्र जुळविता येत नाहीत.

आकारमानाचा प्रश्न याहून बिकट आहे. सेकंदाला ४८,००० नमुने, १६ बिट व दोन वाहिन्या या मानाने एका तासास सुमारे ६९ कोटी बाइट लागतात. १२० तासांस सुमारे ८३ अब्ज. गिट प्रत्येक आवृत्ती संपूर्ण साठविते. मजकुराच्या बाबतीत मागाहून केवळ फरक ठेवून जागा वाचविली जाते. ५१२ मेगाबाइटांहून मोठ्या फाइलींसाठी तोही प्रयत्न मूळ मांडणीत होत नाही. एकदा इतिहासात शिरलेले मुद्रण पुढे वगळले, तरी पूर्ण प्रत घेणाऱ्याला ते उतरवून घ्यावेच लागते.

म्हणून गिट-ॲनेक्स (२०१०) व गिट एलएफएस (२०१५) या साधनांत मुद्रण अन्यत्र ठेवून भांडारात केवळ संदर्भचिठ्ठी ठेवितात. एलएफएसच्या चिठ्ठीत मुद्रणाच्या आशयावरून काढलेला संकेतांक असतो. एक बिट बदलला तरी तो जुळत नाही. ग्रंथालयातील कार्ड व कपाटातील ग्रंथ यांचे नातेही असेच. कपाट जळाले तर कार्डावरून ग्रंथ उभा राहत नाही. ‘पानी’ची नोंद शाबूत राहील, तो उच्चार मात्र पुन्हा ऐकता येणार नाही. यास्तव असंस्कारित मुद्रणाच्या निदान दोन प्रती स्वतंत्र ठिकाणी असाव्यात, आणि स्वच्छ केलेली प्रत मूळ प्रतीच्या जागी न ठेवता निराळ्या नावाने ठेवावी.