ऊन किती खायचं, ते सरड्यालाच ठरवू द्या

आपल्याकडचा घोयरा सरडा वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, तो पाळता येत नाही. अमेरिका-युरोपात मात्र येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातला, डोक्यावर उंच तुरा असलेला ‘व्हेल्ड शॅमेलिऑन’ घरोघरी पोसला जातो. तो आणणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: पिंजऱ्यात तापमान किती ठेवायचं? खरं तर एकच आकडा धरून ठेवण्यात अर्थ नाही. सरपटणारा प्राणी ऊब बाहेरून घेतो. उन्हात तापतो, सावलीत निवतो. अंग गार असताना तो कातडी गडद करतो, कारण गडद रंग उष्णता अधिक शोषतो. तेव्हा त्याला हवा असतो तो तापमानातला फरक: प्रौढासाठी वरच्या फांदीवर सुमारे ३० अंश सेल्सिअस, खाली पानांच्या दाटीत २२ ते २५ आणि रात्री त्याहून कमी. हा फरक बुटक्या पेटीत साधत नाही. म्हणून दिव्याआधी पिंजऱ्याच्या उंचीवर खर्च करावा.

अतिनील किरणांचंही तसंच. त्यांतल्या ‘यूव्हीबी’ किरणांमुळे कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होतं. ते नसेल तर कॅल्शियम नीट शोषलं जात नाही आणि हाडं मऊ पडतात. मादागास्करच्या पँथर शॅमेलिऑनवरचा २००९ सालचा एक अभ्यास इथे बोलका आहे: ज्यांच्या आहारात ड३ कमी होतं, ते सरडे अतिनील प्रकाशात अधिक वावरले. मग ड३ची पावडर किड्यांवर भुरभुरली की झालं, असं कुणी म्हणेल. पण पोटात गेलेलं ड३ साठत जातं आणि जास्त झालं तर विषारी ठरतं. कातडीत मात्र जादा प्रकाशाने त्याचे निरुपद्रवी पदार्थ होतात. खिडकीच्या काचेतून आलेलं ऊनही पुरत नाही, कारण साधी काच यूव्हीबी अडवते. यूव्हीबी देणारी ट्यूबही फसवी असते. तिचा उजेड लख्ख दिसत असतानाच यूव्हीबी ओसरू लागतं, त्यामुळे मुदतीत ती बदलावी किंवा मीटरने मोजावी.

वाळवंटी मुलखातला प्राणी, त्याला उष्णता जास्त झाली तरी चालेल, हा समज घातक आहे. त्याच्या डोंगराळ मुलखात रात्री गार असतात. त्यामुळे सामान्य घरात रात्री लाल दिव्याची गरज नसते, अंधार हवा. दिवा जाळीला खेटून लावला तर सर्वात जवळ येतो तो तुरा, आणि भाजतोही तोच. मग थर्मोस्टॅटने सगळीकडे एकच तापमान राखणं सुरक्षित नाही का? उष्णतेची कमाल मर्यादा ओलांडू न देण्यासाठी थर्मोस्टॅट जरूर वापरावा. पण सगळा पिंजरा सारखाच उबदार झाला तर सरड्याला तापायलाही जागा उरत नाही आणि निवायलाही. व्यवस्था जमली का, हे वागण्यावरून कळतं. सकाळी वर चढून ऊन खाऊन तो खाली उतरत असेल, तर जमली. दिवसभर दिव्याखालून हलत नसेल तर ऊब कमी पडते आहे. खाली जाऊनही तोंड उघडं टाकून बसत असेल तर ती जास्त होते आहे.