जुना पंखा थकत का नाही?

आमच्या घरातला छताचा पंखा वडिलांनी १९७४ साली घेतला. तो अजून फिरतोय. मिक्सर मात्र दर दोन-तीन वर्षांनी दुरुस्तीला जातो. 'जुना माल पक्का' असं आपण म्हणतो, पण खरं कारण मोटरच्या रचनेत आहे. मिक्सरच्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश फिरत्या भागावर सतत घासतात, झिजतात. पंख्यात ब्रशच नसतात. घासतात ती फक्त बेअरिंग, आणि फेरेही मिनिटाला तीन-चारशेच. मिक्सरचे अठरा-वीस हजार!

पंखा मंदावला की बहुधा कंडेन्सर कमजोर झालेला असतो. अडीच मायक्रोफॅरॅडचा तो छोटासा डबा बदलला की काम होतं.

पण दिवाळीच्या साफसफाईत, मेन स्विच बंद करून, मी एक गोष्ट न चुकता तपासून घेतो. हुकात अडकवलेल्या रॉडचा रबरी बुश, नटबोल्ट आणि पिन. मोटर पन्नास वर्षं टिकते, रबर टिकत नाही. ते चिरलं की लोखंड लोखंडावर घासतं आणि एखाद्या दिवशी चालता पंखा खाली येऊ शकतो. कुरकुर ऐकून नुसतं तेल सोडणाऱ्यांनी आधी वर बघावं.

विजेचंही सांगायला हवं. जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, नवा बीएलडीसी तीसच्या. त्यात रेग्युलेटर जुना, खोक्यासारखा असेल, तर पंखा हळू केला तरी बरीच वीज त्या खोक्यात उष्णता होऊन जाते. म्हणून तो गरम लागतो. मी रेग्युलेटर बदलला, पंखा ठेवला.