स्टेपनी कुठे बसवायची?

मागच्या मे महिन्यात सुट्टीला मोखाड्याला आपाकडे गेले होते. अंगणात एक विचित्र गाडी उभी होती. तिला ना दारे, ना टप. बसायला दोनच जागा आणि जमिनीला टेकेल इतकी खाली. माझ्या भाच्याने आयटीआय झाल्यावर वर्षभर खपून ती घरीच बनवली होती. चौकोनी पाइपची चासी त्याने स्वतः जोडली होती. इंजिन आणि चाके मोडीत निघालेल्या एका मारुती ८०० ची होती.

"खाला, सगळं झालं. फक्त स्टेपनी बसवली की जव्हारच्या उरुसाला हीच घेऊन जायची," तो म्हणाला.

मुलगा मोबाइलमध्ये डोके खुपसून न बसता हाताने काही करतो, याचा मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्याने मागच्या पत्र्याला दोन भोके पाडली, दोन बोल्ट घातले आणि स्टेपनी लटकवली. दिसायला झकास दिसत होती. संध्याकाळी घरच्याच शेतातल्या वाटेवर त्याने गाडी फिरवली. तिसऱ्या खड्ड्याला पत्रा टरकन फाटला, चाक सुटले आणि उतारावरून उड्या मारत ओढ्याकडे गेले. ओढ्याच्या कडेला पाड्यावरची दोन पोरे करवंदे तोडत होती. त्यांच्यापासून चार हातांवरून चाक गेले. अल्लाहची कृपा, कोणाला लागले नाही. भाचा मात्र पांढराफटक पडला होता. तो रात्री जेवलाही नाही.

या प्रसंगामुळे स्टेपनी या साध्या वस्तूबद्दल मी बरेच वाचले आणि विचारले. आपल्या घराघरांत आता गाड्या आहेत, म्हणून ते इथे सांगते.

'स्टेपनी' हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की तो आपलाच वाटतो. सुरुवातीच्या मोटारींना जादा चाक नसे. पंक्चर झाले की रस्त्यातच बसून टायर उतरवावा लागे. १९०४ साली ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातील लॅनेली गावी टॉम डेव्हिस यांनी हवा भरलेल्या टायरची, आरे नसलेली एक जादा धाव तयार केली. पंक्चर झालेल्या चाकावर ती बाहेरून घट्ट बसवायची आणि पुढे निघायचे. त्यांचा कारखाना स्टेपनी स्ट्रीटवर होता, त्यावरून हे नाव पडले. इंग्लंडमध्ये तो शब्द मागे पडला, आपल्या गॅरेजमध्ये मात्र टिकला.

आता पत्रा का फाटला ते पाहू. मारुतीचे चाक टायरसह साधारण दहा किलोचे. उभ्या गाडीवर पत्रा तेवढे वजन सहज पेलतो. पण खड्ड्यात तिपटीचा झटका बसला, तर त्याच बोल्टांवर तीस किलोचा भार येतो आणि तो पुन्हा पुन्हा येत राहतो. शिवाय चाक पत्र्यापासून जितके बाहेर, तितकी तरफ मोठी. भरलेली बादली छातीजवळ धरा आणि मग हात लांब करून धरा, म्हणजे फरक कळेल. पातळ पत्रा असा रोज वाकत राहिला की बोल्टाच्या भोकापाशी बारीक चीर पडते आणि एक दिवस ती फाटत जाते.

दुसऱ्या दिवशी दूल्हाभाईंनी गावातल्या एका जुन्या वेल्डर चाचांना बोलावले. चाचा जीपगाड्यांची कामे करण्यात म्हातारे झालेले. त्यांनी आधी बॅटरीची तार काढायला लावली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली आणि मगच मशीन सुरू केले. भाच्याला म्हणाले, "बेटा, पत्रा म्हणजे कपडा आणि चासी म्हणजे हाड. ओझं हाडावर द्यायचं."

त्यांनी चासीच्या मागच्या दोन उभ्या पाइपांना एक आडवा पाइप जोडला. खालून दोन तिरके पाइप देऊन त्रिकोण केला, कारण चौकोन झटक्याने तिरपा होतो, त्रिकोण होत नाही. मध्ये जाड पट्टी लावून तिच्यावर मारुतीचाच चार स्टडचा जुना हब बसवला. आता स्टेपनी मूळ चाकासारखीच चार नटांनी आवळली जाते. चाक शक्य तितके गाडीच्या अंगाला चिकटून ठेवले. सायलेन्सरची गरम हवा टायरला लागत नाही आणि मागचा दिवा व नंबरप्लेटची जागा झाकली जात नाही, हे बघूनच चाचा उठले. जाताना बजावून गेले, "शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळ."

काम पक्के झाले, पण खरा प्रश्न पुढेच होता. भाच्याला गाडी जव्हारला न्यायची होती. रस्त्यावर चालणाऱ्या प्रत्येक वाहनाची मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार नोंदणी लागते. नव्या नमुन्याची गाडी आधी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. नोंदणी झालेल्या गाडीच्या मूळ रचनेतही मनाप्रमाणे बदल करता येत नाही. कलम ५२ तसे सांगते आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते स्पष्ट केले. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. उद्या कोणी जखमी झाले तर त्याला भरपाई कुठून मिळणार?

भाच्याने लगेच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेच्या दत्तात्रय लोहार यांचे उदाहरण दिले. त्यांनी भंगारातून, साठ हजारांच्या आसपास खर्चात, किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली होती. डिसेंबर २०२१ मध्ये तिचे चित्रण देशभर गाजले. मी म्हटले, "पुढचंही वाच." आनंद महिंद्रा यांनी त्यांचे कौतुक केलेच, पण ही गाडी नियमांत बसत नसल्याने कधी ना कधी अडवली जाईल, असेही लिहिले. त्या बदल्यात त्यांनी बोलेरो देऊ केली आणि जानेवारी २०२२ मध्ये ती लोहार कुटुंबाला मिळाली. हुन्नराची कदर झाली, पण नियमातून सूट मिळाली नाही.

भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. शेवटी त्याने स्वतःच आपाला सांगितले की गाडी शेताबाहेर न्यायची नाही. मला वाटते, त्याला कायद्यापेक्षा ती करवंदे तोडणारी पोरे आठवली असावीत. रस्त्यातली त्रासदायक वस्तू बाजूला करणे हा ईमानाचा भाग आहे, असे हदीस सांगते. मग रस्त्यावर नवा धोका आपणच कसा आणायचा?

उरुसाला आम्ही काळीपिवळीने गेलो. निघण्यापूर्वी भाच्याने वाकून स्टेपनी पाहिली आणि चालकाला विचारले, "दादा, यात हवा आहे का?" चालक हसला. त्याने दाबून पाहिले, तर ती बसलेली होती. हवा भरूनच आम्ही निघालो.

जव्हार-मोखाडा आणि पुढे त्र्यंबककडे जाणाऱ्या घाटांत पावसाळ्यात धुके उतरते, कुठे मोबाइलला रेंज नसते आणि रात्री पंक्चरवाला मिळत नाही. म्हणून महिन्यातून एकदा चार चाकांबरोबर स्टेपनीचीही हवा तपासा. जॅक आणि पाना गाडीत आहेत का ते पाहा. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचा संच असलेल्या छोट्या प्रवासी गाड्यांना २०२० पासून स्टेपनीची सक्ती नाही. तुमची गाडी तशी असेल, तर तो संच वापरायला आधीच शिका. चाक बदलताना हँडब्रेक लावा, उताराच्या बाजूने चाकांना दगड लावा, नट आधी सैल करा आणि मगच जॅक चढवा. नट आवळताना समोरासमोरचे आवळा. मुलांना रस्त्यापासून दूर उभे करा.

उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे एकाने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याला आधी उंट बांधायला सांगितले होते. सफरची दुआ आपण सगळेच पढतो. त्याआधी एकदा वाकून स्टेपनीही पाहावी.