बग्गीचा गिअर का पडेना

वाळूच्या चढावर क्लच दाबला की गाडीचा वेग जागच्या जागी मरतो. डांबरी रस्त्यावर तिसरा गिअर पटकन पडला नाही तर मागचा फार तर हॉर्न वाजवेल. टेकाडाच्या मध्यावर तो पडला नाही, तर मागची चाकं स्वतःचाच खड्डा खणत बसतात आणि फावडं काढावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या ड्यून बग्ग्यांच्या साठेक वर्षांकडे मागे वळून पाहताना इंजिनं, टायर आणि भडक रंग यांच्याबद्दलच जास्त बोललं जातं. मला त्यापेक्षा गिअरची गोष्ट रंजक वाटते, कारण या काळात कित्येक हौशी लोक पाना घेऊन भलत्याच जागी बसले होते. गिअर पडेना की गिअरबॉक्स खाली उतरायचा. दोष बहुतेक वेळा त्याच्या बाहेर असायचा.

१९६० च्या सुमारास पिस्मो बीचच्या वाळूत ज्या गाड्या पळत, त्या म्हणजे मोठ्या अमेरिकन मोटारी कापून उरलेले सांगाडे. व्ही-८ इंजिन, रेडिएटर, भरपूर वजन. त्यांच्यात बॉडी काढून टाकलेल्या काही फोक्सवॅगन बीटलही असत. हलक्या, पाण्याविना चालणाऱ्या, इंजिन थेट मागच्या चाकांवर. न्यूपोर्ट बीचच्या ब्रूस मायर्स यांनी हे हेरलं. फायबरग्लासच्या होड्या बनवण्याचा हात होताच. १९६४ मध्ये त्यांनी ‘ओल्ड रेड’ ही पहिली मायर्स मँक्स उभी केली. पहिल्या बारा गाड्यांत फायबरग्लासचं कवच हाच सांगाडा होता. ते महाग आणि खटाटोपाचं पडलं, म्हणून पुढची बॉडी बीटलच्याच चॅसीवर बसवायची ठरली. त्यासाठी चॅसी मधोमध कापून सव्वाचौदा इंचांनी, म्हणजे ३६ सेंटिमीटरने, आखूड करायची. आपल्या गोष्टीतला पहिला घोळ इथे होतो.

बीटलचा गिअरबॉक्स मागे, लिव्हर पुढे. दोघांना जोडणारा लांब पोकळ रॉड चॅसीच्या मधल्या बोगद्यातून जातो. पुढे लिव्हरचा गोळा रॉडच्या वाटीत बसतो. तिथेच जवळ रॉडला आधार देणारा प्लास्टिकचा एक छोटा बुश असतो. मागे एक कपलर हा रॉड गिअरबॉक्सच्या नाकातून बाहेर आलेल्या दांडीला जोडतो. लिव्हर डावी-उजवीकडे हलवली की रॉड स्वतःभोवती फिरतो, पुढे-मागे केली की सरकतो. सगळा कारभार या दोन हालचालींवर.

चॅसी कापली की रॉडही कापून पुन्हा जोडावा लागतो. लांबी मोजणं सोपं. अवघड असतो तो कोन. पुढची वाटी वर बघते, मागच्या टोकाला कपलरच्या स्क्रूसाठी एक खळगा असतो, आणि या दोघांचं एकमेकांशी असलेलं नातं अंशा-अंशाचं. वेल्डिंग करताना रॉड जरासा फिरला, की पहिला-दुसरा हाताला लागतात पण चौथा सापडत नाही. किंवा चौथा सापडतो आणि रिव्हर्स हरवतो. ज्यांनी बजाज चेतक चालवली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको. हँडलवर आकडा दुसऱ्याचा, आत मात्र भलतंच काही, आणि मेकॅनिक इंजिनला हात न लावता केबल ओढून देतो. शहाणे लोक कापण्याआधीच रॉडच्या पूर्ण लांबीवर एक सरळ रेघ कोरून ठेवत, म्हणजे जोडताना दोन्ही रेघा जुळवल्या की काम झालं. ज्यांना ही रेघ सुचली नाही, त्यांनी गिअरबॉक्स बदलले.

१९६७ मध्ये मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मँक्समधून मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियात ला पाझ आणि तिहुआना यांच्यातलं अंतर ३४ तास ४५ मिनिटांत तोडलं. आधीचा विक्रम मोटरसायकलचा होता, जवळपास ४० तासांचा. त्याच वर्षी पहिली ‘मेक्सिकन १०००’ शर्यतही मँक्सनेच जिंकली. मागणी उसळली, नकला निघाल्या, मायर्स यांचं पेटंट न्यायालयात टिकलं नाही. नकला करणाऱ्यांनी बॉडी हुबेहूब उतरवली, पण चॅसी किती कापायची याचं माप ज्याचं त्याचं वेगळं. म्हणजे घराघरात वेगळ्या लांबीचे, घरीच वेल्ड केलेले रॉड. आज एखादी जुनी बग्गी विकत घेणाऱ्याच्या पदरात तो रॉड पडतो, आणि कापणाऱ्याचा पत्ता नसतो.

दुरुस्तीचं ज्ञान मात्र याच काळात सामान्य माणसापर्यंत पोचलं. १९६७ मध्ये बग्ग्यांना आणि वेगवान फोक्सवॅगनना वाहिलेलं मासिक निघालं. १९६९ मध्ये जॉन म्युर यांचं ‘हाऊ टू कीप युवर फोक्सवॅगन अलाइव्ह’ आलं आणि ज्यांनी कधी बोनेट उघडलं नव्हतं तेही गाडीखाली झोपू लागले. हळूहळू दोष शोधण्याचा एक क्रम लोकांच्या अंगवळणी पडला, आणि गिअरबॉक्स त्यात शेवटी गेला.

तो क्रम असा. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहायचे. बंद गाडीतही लिव्हर अडत असेल तर रॉड, बुश, कपलर. बंद असताना लोण्यासारखे पडतात आणि चालू केल्यावर खरखरतात, तर क्लच नीट सुटत नाही. याची पक्की कसोटी रिव्हर्समध्ये आहे, कारण या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी चाकांचे वेग जुळवून देणारी कडी, नसते. गाडी उभी, इंजिन मंद, क्लच पूर्ण दाबून तीनेक सेकंद थांबायचं आणि रिव्हर्स टाकायचा. तरीही खर्रर्र झालं तर क्लच ओढतोय. एकच गिअर त्रास देतो आणि बाकीचे गुणी आहेत, तरच आतल्या सिंक्रोवर संशय घ्यायचा.

क्लचच्या बाबतीत आखूड चॅसीने आणखी एक खोड लावून ठेवली. मूळ केबल आता लांब पडते, म्हणून ती आखूड करावी लागते. शिवाय बोगद्यातून बाहेर पडल्यावर तिच्या वेष्टणाला मुद्दाम ठेवलेला झोळ असतो, २५ ते ४५ मिलिमीटरचा. नवख्याला तो झोळ म्हणजे ढिलाई वाटते आणि तो ताणून सरळ करतो. मग क्लच धक्के देत सुटतो. झोळ फार झाला तर केबल आतल्या आत घासून तुटते. पेडलवर दहा ते वीस मिलिमीटर मोकळी हालचाल हवी, आणि तीही झोळ बरोबर असेल तरच खरी मानायची. फ्लायव्हीलच्या मधल्या नटात एक छोटं सुई-बेअरिंग असतं. ते कोरडं पडलं तरी क्लच दाबूनही गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरत राहतो. इंजिन उतरवल्याशिवाय ते दिसत नाही, म्हणून ते सगळ्यात जास्त दुर्लक्षित.

सत्तरच्या दशकात गिअर न पडण्यावर बाजाराने दिलेलं उत्तर होतं आखूड हालचालीची चमकदार लिव्हर. हर्स्ट कंपनीची लिव्हर बग्गीत बसवणं ही त्या काळची शानच होती, आणि लिव्हर चांगली होती. पण झिजलेल्या बुशवर बसवलेली आखूड लिव्हर जुन्या लिव्हरपेक्षा वाईट वागते, हे सांगणारं जाहिरातीत कोणी नव्हतं. हालचाल कमी झाली की चुकीला मिळणारी जागाही कमी होते. मूळ लिव्हरच्या पायाशी एक छोटी पत्राची पट्टी असते, चुकून रिव्हर्स पडू नये म्हणून. ती उलटी बसली की दुसरा किंवा रिव्हर्स गायब. फुकटातली दुरुस्ती, पण आधी पट्टी उलटी आहे हे सुचायला हवं.

गिअर पडतो पण जोर लावला की निसटतो, ही तक्रार वाळूत विशेष. पंख्यासारखी पाती असलेले टायर वाळूला धरतात, इंजिनाचा झटका गिअरबॉक्सच्या रबरी माउंटवर येतो. रबर फाटलेलं असेल तर सगळा गिअरबॉक्स जागेवरून हलतो. रॉड मात्र चॅसीला धरून असतो. दोघांत अंतर पडलं की रॉडच गिअर बाहेर ओढतो. शर्यतवाल्यांनी रबर काढून घट्ट माउंट लावले, आणि कानठळ्या बसवणारा आवाज स्वीकारला. रोजच्या फेरफटक्याला ते कशाला हवेत, मला कळत नाही. नवं रबर आणि कपलरचा स्क्रू तारेने बांधलेला, एवढ्याने बहुतेकांचं भागतं.

काही वेळा बिघाड नसतोच. भंगारातून उचललेल्या पन्नासच्या दशकातल्या बीटलच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याला सिंक्रो नव्हता. निर्यातीच्या गाड्यांत चारही गिअरना तो १९६१ च्या मॉडेलपासून मिळाला. चालती गाडी पहिल्यात टाकून खरखर ऐकणाऱ्याने तो जन्मगुण समजावा.

वाळूत मात्र लिव्हर मागे पडली. १९७७ मध्ये होंडाने ओडिसी ही छोटी बग्गी आणली, तिला गिअर बदलण्याची गरजच नव्हती. पट्ट्यावर चालणारी सीव्हीटी होती. आज कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूच्या टेकड्यांवर जिकडेतिकडे दिसणाऱ्या साइड-बाय-साइड गाड्याही बहुतेक पट्ट्यावरच्या, आणि त्यांच्या मालकांच्या गप्पा तुटलेल्या पट्ट्यांच्या. २०२१ मध्ये मायर्स गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने विजेवर चालणारी मँक्स दाखवली गेली: मागे दोन मोटर, लिव्हर नाही, क्लच नाही.

बीटलचं उत्पादन मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे २००३ मध्ये थांबलं, तरी तो प्लास्टिकचा बुश अजून सहज मिळतो. लिव्हर काढल्यावर जे भोक उघडं पडतं त्यातून हात घालून तो बसवायचा, ग्रीस चोपडून. बोटं सोलून निघतात. तिथे वाळू साचलेली असतेच, म्हणून आधी ती पुसून काढायची. ग्रीसमध्ये मिसळलेली वाळू नवा बुशही पॉलिश पेपरसारखी खाते.