झाकण उडालेली विहीर

१ जानेवारी २००९ च्या सकाळी अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या डिमॉक गावात एका घरामागची पिण्याच्या पाण्याची विहीर फुटली. तिच्या तोंडावरच्या काँक्रीटच्या जाड झाकणाचे तुकडे अंगणभर पडले. घरात कुणी नव्हतं, म्हणून जीव वाचले. विहिरीत साचलेल्या मिथेनने पेट घेतला होता. गावात तेव्हा नैसर्गिक वायूसाठी फ्रॅकिंगचं काम जोरात होतं. चौकशीनंतर राज्याच्या पर्यावरण खात्याने अठरा विहिरींत वायू शिरल्याचा ठपका कॅबट ऑइल अँड गॅस या कंपनीवर ठेवला.

या भागाखाली दीड-दोन किलोमीटर खोल मार्सेलस नावाचा शेल खडक आहे. वायू त्याच्या कणाकणांत अडकलेला असतो, नुसतं भोक पाडून तो वर येत नाही. म्हणून बोअर खोल नेऊन आडवा वळवतात आणि पाणी, वाळू, रसायनं प्रचंड दाबाने आत मारून खडक तडकवतात. हेच फ्रॅकिंग. एका बोअरला दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागतं. दुष्काळात आपल्या गावात येतो तो दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर दीड-दोन हजार टँकर. यातलं काही पाणी परत वर येतं तेव्हा ते समुद्रापेक्षा खारट असतं आणि सोबत खडकातलं किरणोत्सारी रेडियम आणतं.

कंपन्या म्हणतात, तडे खूप खोल आहेत, पिण्याचं पाणी वरच्या थरात आहे, मध्ये शेकडो मीटर खडक आहे. हे बहुतांशी खरं आहे. पण वायूला वर यायला तो खडक भेदावा लागत नाही. ज्यांनी शेतात बोअर घेतला आहे त्यांना केसिंगचं महत्त्व सांगायला नको. पाइप आणि माती यांच्यात फट राहिली की वरचं घाण पाणी तिथूनच खाली उतरतं. इथे उलटं होतं. पोलादी पाइपाभोवतीचं सिमेंट नीट बसलं नाही, तर वायू त्या फटीने वर चढतो आणि विहिरींना पाणी देणाऱ्या थरात पसरतो. ड्यूक विद्यापीठाच्या २०११ मधल्या अभ्यासात वायूच्या बोअरपासून एक किलोमीटरच्या आतल्या विहिरींत मिथेनचं प्रमाण दूरच्या विहिरींच्या सरासरी सतरा पट आढळलं. फ्रॅकिंगची रसायनं मात्र सापडली नाहीत, हेही त्याच अभ्यासात नोंदवलं आहे.

मग भांडण कशाचं? माझ्या मते, पुरावा कुणी द्यायचा याचं. डिमॉकच्या माणसाला सांगितलं गेलं, तुमच्या पाण्यात वायू आधीपासूनच असेल. त्या भागात असे वायू असतातही. पण बोअर पाडण्याआधी स्वतःच्या विहिरीचं पाणी प्रयोगशाळेत कोण तपासून ठेवतो? त्यात २००५ च्या कायद्याने अमेरिकी संसदेने फ्रॅकिंगला केंद्राच्या पेयजल सुरक्षा कायद्यातून मोकळीक दिली होती. आत काय मारलं, तर ते व्यापारी गुपित. ज्याच्या नळाला वास येतो त्यानेच सिद्ध करायचं, आणि तेही कागद हाताशी नसताना.

शेजारच्या न्यूयॉर्क राज्याने हा भार उलटा फिरवला. मार्सेलस सीमा ओलांडून तिथेही जातो. २००८ पासून परवाने थांबलेले होते. ड्रायडन नावाच्या छोट्या गावाने २०११ मध्ये जमीनवापराच्या नियमातून गावात वायूचं काम बंद केलं. कंपनी कोर्टात गेली. ३० जून २०१४ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन मतांनी गावाचा हक्क मान्य केला. त्याच वर्षी १७ डिसेंबरला राज्याचे प्रभारी आरोग्य आयुक्त हॉवर्ड झुकर यांनी १८४ पानी अहवाल मांडला. माझं कुटुंब मी अशा ठिकाणी राहू देईन का, हा प्रश्न त्यांनी स्वतःला जाहीरपणे विचारला आणि नाही असं उत्तर दिलं. सुरक्षित असल्याचा पुरावा पुरेसा नाही, म्हणून परवानगी नाही. डॉक्टर औषधाला हाच निकष लावतात. पाण्याला तो लावला, यात मला काहीच आगाऊपणा दिसत नाही.

त्यानंतरचे अभ्यास या सावधगिरीच्या बाजूने गेले. २०१७ मध्ये पेनसिल्वेनियातल्या अकरा लाखांवर जन्मांच्या नोंदी तपासल्या गेल्या. बोअरपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आयांची बाळं कमी वजनाची जन्मण्याची शक्यता पंचवीस टक्क्यांनी वाढलेली दिसली, तीन किलोमीटरपलीकडे परिणाम आढळला नाही. २०२३ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाच्या अभ्यासात बोअरजवळच्या मुलांमध्ये लिम्फोमा या तशा दुर्मिळ कर्करोगाची शक्यता पाच ते सात पट दिसली, रक्ताच्या कर्करोगाशी मात्र संबंध आढळला नाही.

बंदीने दुखावलेली माणसंही आहेत, त्यांना झटकून टाकता येणार नाही. अमेरिकेत जमिनीखालचं खनिज सहसा जमीनमालकाचं असतं. न्यूयॉर्कच्या दक्षिण पट्ट्यातल्या दुग्ध व्यवसायातल्या शेतकऱ्याने सीमेपलीकडच्या शेतकऱ्याला रॉयल्टीचे धनादेश येताना पाहिले. कर आणि कर्ज त्यालाही होतंच. शिवाय वायूने कोळसा हटवला, धूर कमी झाला. पण याची भरपाई सरकारने त्या शेतकऱ्याला द्यायला हवी होती, शेजाऱ्याच्या विहिरीने नव्हे.

गावाचा हक्क सगळीकडे टिकला नाही. टेक्सासमधल्या डेंटन शहरात २०१४ च्या नोव्हेंबरात ५९ टक्के मतदारांनी फ्रॅकिंगबंदीला कौल दिला. साडेसहा महिन्यांत राज्याने कायदा करून असा अधिकारच शहरांकडून काढून घेतला.

आणि डिमॉक? २०२२ च्या नोव्हेंबरात कॅबटच्या वारस कंपनीने फौजदारी आरोपांना विरोध न करता शिक्षा स्वीकारली. बाहेरून शुद्ध पाण्याची वाहिनी आणायला १ कोटी ६३ लाख डॉलर आणि बाधित घरांची पाण्याची बिलं ७५ वर्षं भरायची, असं ठरलं. त्याच सुमारास राज्याने गावात वायू काढण्यावर असलेली बारा वर्षांची बंदी उठवली. आता बाहेरून आडवे बोअर नेऊन त्याच घरांखालचा वायू काढायला कंपनीला मुभा मिळाली.